नदीतल्या कासवाला कोणी वाली आहे का? (लीथचं कासव, आपल्या विहिरीतलं कासव आणि बाकी बरंच काही)

वाशिष्ठीकाठ

कोकणात कासव म्हटलं की पहिलं नाव येतं वेळासचं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्रकासवाची घरटी राखायला सुरुवात केली. आता आंजर्ल्यालाही कासव महोत्सव होतो आणि पिल्लं पाण्यात जाताना बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या भरून येतात. २०२२ मध्ये माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले, तेव्हा त्यातली 'प्रथमा' नावाची मादी कुठवर पोचली हे लोक पेपरात वाचत होते. हे सगळं उत्तमच आहे. माझं दुखणं वेगळं आहे. त्याच जिल्ह्यात, नद्यांच्या वरच्या अंगाला, डोहात गरीला कासव लागलं तर ते सरळ घरी जातं आणि रात्री त्याचं कालवण होतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी दयाळू माणूस ते समुद्रात नेऊन सोडतो.

हे 'किंवा' महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तेच लिहितो. मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. चार-पाच तरुण मुलं, हातात ताटाएवढं मऊ पाठीचं कासव, ते भरतीच्या लाटेत सोडतात आणि टाळ्या वाजवतात. खाली 'जीवदान', 'सलाम' वगैरे. ते कासव गोड्या पाण्याचं होतं. समुद्रकासवाला पोहायला वल्ह्यासारखे पाय असतात, खारं पाणी पिऊन जादाचं मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकायची सोय असते. नदीतल्याला पायांना पडदे आणि नखं असतात आणि त्याचा देह खाऱ्या पाण्यासाठी घडलेलाच नसतो. लाटेत ते दमतं, मीठ सोसत नाही, मरतं. मुलांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण त्यांना कासव म्हणजे समुद्राचंच एवढंच शिकवलं गेलं होतं.

तर ओळख करून घेऊ.

कोकणात गोड्या पाण्यात तुम्हाला मुख्यतः दोन कासवं दिसतील. एक टणक पाठीचं, काळपट, पाठीवर तीन उभे कंगोरे असलेलं. ते काळं कासव, शास्त्रीय नाव मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. दुसरं मऊ पाठीचं, इंग्रजीतलं फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. विहिरीत, तळीत, भातखाचरात, मेमध्ये आटलेल्या पऱ्ह्याच्या चिखलात सापडतं ते बहुतेक हेच. याच्या पोटाकडे मागच्या बाजूला दोन झडपा असतात. भ्यालं की मागचे पाय आत घेतं आणि झडपा मिटून घेतं. एकदा शेजारच्या वाडीत रहाटाच्या बादलीत असं एक वर आलं होतं. बादली कट्ट्यावर ठेवली तेव्हा नुसता ओला हिरवट-तपकिरी दगड. मग पाच-सात मिनिटांनी पुढून आधी नाक आलं, दोन भोकांची बारीक नळी, मग डोळे, मग हळूहळू लांबच लांब मान. कोणी खोकलं की सगळं परत आत.

या फ्लॅपशेलची धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली (आययूसीएनची लाल यादी) जागा 'असुरक्षित' अशी आहे. म्हणजे ऑलिव्ह रिडलेची आहे तीच. एकाला महोत्सव आणि दुसऱ्याला मसाला, पण कागदावर दोघं एकाच ओळीत बसलेले आहेत.

आणि ज्याच्यासाठी हा धागा काढला, ते तिसरं. ते घाटापलीकडचं आहे. लीथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लीथाय. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही नाही. गोदावरी, कृष्णा, कावेरी यांची खोरी, दक्षिणेत मोयार आणि भवानी, हे त्याचं घर. आणि यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे रिडलेपेक्षा दोन पायऱ्या खाली; त्यापुढची पायरी म्हणजे रानातून नाहीसं होणं. आपल्या राज्याच्या नद्यांतलं कासव, आणि नाव सांगितलं तर दहांतल्या नऊ जणांनी ऐकलेलंही नसतं. घाटावरच्या मंडळींनी यात भर घालावी. मला पुस्तकी माहिती आहे, पाहिलेलं नाही.

घाटमाथ्यावरचा

घालतो भर. हे कासव शास्त्राला माहीत झालं तेच मुळी पुण्यामुळे. १८७२ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं आणि ठिकाण नोंदवलं 'पूना'. नाव दिलं डॉ. अँड्र्यू लीथ यांचं. हे लीथ मुंबईच्या सॅनिटरी कमिशनवरचे डॉक्टर, फावल्या वेळात सरपटणारे प्राणी गोळा करायचे. ज्या शहराच्या नावावर हा प्राणी जगाच्या दप्तरात चढला, त्याच शहरातल्या मुळा-मुठेची आजची अवस्था बघा आणि काय ते समजा.

रूप सांगतो. पाठ थापलेल्या भाकरीसारखी चपटी आणि गोल, कडा पातळ आणि लवचिक. मोठं झालं की पाठीचीच लांबी अर्ध्या मीटरच्या वर जाते. डोकं हिरवट, दोन डोळ्यांच्या मधून मानेपर्यंत एक काळी रेघ, तिच्यातून दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा फुटलेल्या. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, बहुधा चार. वय वाढेल तसे पुसट होत जातात. फ्लॅपशेलपासून वेगळं ओळखायची सोपी खूण म्हणजे याला मागच्या झडपा नाहीत, पाय उघडेच राहतात. शिवाय फ्लॅपशेलची पाठ घुमटीसारखी थोडी वर आलेली असते, याची सपाट.

खाणं मासे, खेकडे, शिंपले, आणि डासांच्या अळ्यासुद्धा. दिवसाचा बराच वेळ तळाच्या वाळूत अंग पुरून, फक्त नाक-डोळे बाहेर ठेवून बसतं. मऊ पाठीच्या कासवांना कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून पाण्यातला थोडा प्राणवायू घेता येतो, म्हणून सारखं वर यावं लागत नाही. दिसत नाही त्याचं हेही एक कारण. पण मुख्य कारण ते उरलेलंच नाही हे आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात पनामाला साइट्सची परिषद झाली, धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याची. तिथे भारताने प्रस्ताव मांडला की या कासवाला दुसऱ्या परिशिष्टातून जास्त कडक अशा पहिल्यात घ्या. तो मंजूर झाला. तेव्हा सरकारनेच सांगितलेला अंदाज असा होता की तीस वर्षांत संख्या ९० टक्क्यांनी घटली.

पाग आणि पोळी

९० टक्के?? खातं तरी कोण इतकं?

घाटमाथ्यावरचा

नुसतं खाण्याने नाही. देशात मांसासाठी मारतात हे आहेच, पण बाहेरही जातं. पाठीच्या कडेचा जो मऊ कूर्चेचा भाग असतो, तो उकडून-वाळवून पूर्वेकडच्या देशांत चोरून पाठवतात. वाळलेल्या चकत्या पोत्यात भरल्या की कोणाला कळतंय कसल्या आहेत. त्यात भर वाळू उपशाची. मादी अंडी घालते ती काठावरच्या वाळूत-मातीत. काठच पोकलेनने खरवडला तर घालणार कुठे?

आणि कायद्याची गंमत बघा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात विहिरीतलं साधं फ्लॅपशेल वाघाच्या रांगेत, पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ते धरणं-पाळणं गुन्हा. आणि पनामाला प्रस्ताव गेला तेव्हा हे अतिसंकटग्रस्त कासव आपल्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात होतं. जगाला सांगायचं पहिल्यात घ्या आणि घरी चौथ्यात. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांची फेरमांडणी झाली, पण तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

शिरगावकर

एक भाबडा प्रश्न. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून खाली येतं, कोळकेवाडीत अडतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. कोयना म्हणजे कृष्णेचं खोरं. म्हणजे कृष्णेचंच पाणी चिपळुणातून वाहतं. मग त्या पाण्याबरोबर हे कासव इकडे यायला काय हरकत आहे? माशांच्या बाबतीत आमच्याकडे म्हातारे म्हणतात की अमुक मासा कोयना आल्यावर दिसायला लागला.

वाशिष्ठीकाठ

प्रश्न भाबडा अजिबात नाही, मला आवडला. पण बोगद्याच्या तोंडाशी जाळ्या आहेत, पुढे कित्येकशे मीटर उभी उडी आणि तिच्या शेवटी टर्बाइन. माशाचं अंडं किंवा बोटभर पिल्लू निसटेल एखादं. ताटाएवढं कासव काही सुखरूप येणार नाही. आलं तर माणसाने आणलेलं असेल. आपल्याकडे लोक कासवं इकडून तिकडे फार नेतात: घाटावर बदली झालेला भाऊ गणपतीला येताना डब्यात घेऊन येतो, घराला शुभ म्हणून.

मात्र उलट्या बाजूने विचार करा. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीत उगम आणि फार तर शंभरेक किलोमीटरवर खाडी. पावसाळ्यात लोंढा, आणि मेमध्ये नदी म्हणजे नुसत्या कोंडांची, म्हणजे डोहांची माळ. कोंड टिकला तर कासव टिकलं. वाशिष्ठीत मगरीसुद्धा याच कोंडांच्या जिवावर आहेत. आणि कोंडाचं आपण काय करतो? पूर्वी गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून टाकायचे, मासे गुंगायचे, हवे तेवढे वेचले की नवं पाणी येऊन बाकीचे शुद्धीवर यायचे. आता ब्लीचिंग पावडरची पिशवी फोडतात नाहीतर जिलेटिन लावतात. त्यात मासे, खेकडे, बेडूक, कासव सगळंच जातं, आणि त्यातलं निम्मं तळाला कुजत पडतं.

२०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढला. काढायलाच हवा होता, माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं, मला कोणी शिकवू नये. पण गाळ म्हणजे घाण असं धरून चालतो आपण. चिखलात उन्हाळाभर झोपलेलं कासव पोकलेनच्या बकेटमधून डंपरमध्ये आणि डंपरमधून भरावात जातं, हे निदान ठेकेदाराच्या माणसाला कोणी सांगावं एवढीच अपेक्षा.

तिरफळ

आमच्या बावीत कासव आसा. आजयेन सोडलेलां. पाणी साफ ऱ्हवता म्हणतत. आता तुमी सांगतास तो गुन्हो? मगे अर्धो तालुको आत घालूक लागतलो 😀

सातबारा

+१ तिरफळ. आमच्या विहिरीत दोन होती. एक मोटर काढताना वर आलं. फूटव्हॉल्व्हच्या पाइपावर पुढचे पाय टेकून बसलेलं असायचं, कारण बाकी टेकायला जागाच नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची सरळ भिंत, कुठे पायरी नाही, कपार नाही.

वैद्यबुवांची नात

मी पशुवैद्यक आहे, दक्षिण रत्नागिरीत काम करते. विहिरीच्या मुद्द्यावर जरा सविस्तर.

कासव विहीर साफ करतं हे अर्धसत्य आहे. ते मेलेला बेडूक, मासा, अळ्या खातं हे खरं. पण खाल्लेलं बाहेरही टाकतं आणि ते पाण्यातच. पिण्याच्या विहिरीत काय हवं याचा विचार करा. आणि कासवाच्या बाजूने बघितलं तर ती जन्मठेप आहे. मादी असेल तर अंडी घालायला माती नाही. फ्लॅपशेल ओलसर मातीत खड्डा करून अंडी घालतं आणि ती महिनोन्महिने जमिनीत राहतात, पाऊस लागला की पिल्लं बाहेर येतात. चिरेबंदी विहिरीत हे होणार कसं? मी पाहिलेल्या विहिरीतल्या काही कासवांची नखं भिंत खरवडून झिजलेली होती, पायांना जखमा होत्या, बुरशी होती. ऊन मिळत नाही त्याने पाठ मऊ पाठीच्या कासवालाही शोभणार नाही इतकी मऊ झालेली.

दुसरं, गरी लागलेलं कासव. ओढू नका. गरी बहुतेक वेळा घशात किंवा अन्ननलिकेत गेलेली असते, ओढली की फाटतं. दोरा वीतभर बाहेर ठेवून कापा आणि प्राणी ओल्या गोणपाटात ठेवून आणा. पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवू नका, दमलेलं कासव बुडतं. हो, बुडतं. फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे.

धरताना पाठीच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी धरा. मान लांब असते आणि आपल्याला वाटतं त्याहून बरीच मागे पोचते. फ्लॅपशेल सहसा लपतं, चावत नाही, पण मोठ्या मऊ पाठीच्या कासवाचा जबडा बोटाला भारी पडतो.

पाग आणि पोळी

मूळव्याधीवर कासवाचं मांस चालतं म्हणतात आमच्याकडे. खरं का?

वैद्यबुवांची नात

नाही. कोकम सरबत आणि फायबर घ्या, आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा.

घाटमाथ्यावरचा

आता विषय निघालाच आहे तर 'वीस नखी'बद्दलही बोलू. वीस नखांचं कासव घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो म्हणून लाखांच्या बाता मारणारे दलाल गावोगाव फिरतात. दर काही दिवसांनी पेपरात बातमी असते की अमुक ठिकाणी सापळा रचून इतके पकडले. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन नखं असतात. म्हणजे झाली बारा. काळ्या कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस भरतीच होत नाहीत, म्हणून तर 'दुर्मिळ' म्हणून भाव चढवता येतो. आणि या नादात शेकडो बारा-अठरावाली पोत्यात मरतात. पैशांचा पाऊस पडलाच तर तो दलालाच्या अंगणात.

सडेतोड

सगळं वाचलं. छान माहिती. पण एक विचारतो, राग मानू नका. कातकरी वाडीवरचा माणूस पिढ्यानपिढ्या डोहात हात घालून कासव काढतोय, एखादं खातोय. त्याच्यामुळे हे संपलं? का वाळूच्या डंपरमुळे, पावडरीमुळे? वन खातं पकडणार कोणाला, डंपरवाल्याला की कातकऱ्याला? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे.

वाशिष्ठीकाठ

राग कशाला, बरोबरच बोललात. पोटासाठी वर्षाकाठी एखादं कासव काढणाऱ्यामुळे नदी रिकामी होत नाही. पोत्याने बाहेर जातं तेव्हा होते. आणि एक सांगू का, या प्राण्यांची खरी माहिती त्याच माणसाकडे आहे. कुठल्या कोंडात आहे, कधी वर येतं, कुठल्या काठाला अंडी घालतं, हे चिपळूणच्या बाजारात बसून मला कसं कळणार? कायदा त्याला लागू आहे हे मी नाकारत नाही. पण त्याला आरोपी करून सुरुवात केली तर तो तोंड उघडणार नाही आणि आपल्याला काही कळणार नाही.

कासरगोडची सून

इथे लिहायलाच हवं. माझं माहेर कणकवली, सासर कासरगोड. आमच्या इकडे चंद्रगिरी नदी आहे. तीही आपल्यासारखीच पश्चिमेला वाहणारी आणि समुद्राला मिळणारी. त्या नदीत कँटॉरचं महाकाय मऊ पाठीचं कासव आहे, तेही अतिसंकटग्रस्त, आणि पूर्ण वाढलं तर माणसापेक्षा जड. इतका मोठा प्राणी, आणि बाहेरच्या जगाच्या लेखी या नदीत तो जवळजवळ नव्हताच. अभ्यासक आले ते काठावरच्या लोकांना विचारत फिरले: तुम्ही कधी पाहिलंय, जाळ्यात कधी आलं होतं, कुठे? लोकांना सगळं माहीत होतं. त्यातून घरट्याचा पत्ता लागला, पुराच्या पाण्यात बुडणारी अंडी काढून उबवली, पिल्लं नदीत सोडली. २०२४ मध्ये ओरिक्स या नियतकालिकात त्यावर लेखही आला.

माझे सासरे म्हणतात, आम्हाला कोणी आधी विचारलंच नव्हतं, म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं.

शिरगावकर

वा! मग कोकणात हे का होऊ नये? निदान फ्लॅपशेलसाठी तरी. वेळासला घरटी राखायला जी माणसं उभी राहिली, ती गावातलीच होती ना?

घाटमाथ्यावरचा

होऊ शकतं, पण वेळासची नक्कल करून नाही. समुद्रकासव ठराविक किनाऱ्यावर, ठराविक महिन्यांत येतं. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग सोडतं, घरटं सापडतं, जाळी लावता येते, पाहुण्यांना तारीख सांगता येते. नदीतलं कासव कुठेही, बांधाच्या कडेला, बागेत, आंब्याच्या आळ्यातसुद्धा अंडी घालतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्याला महोत्सव करता येणार नाही. पर्यटक येणार नाहीत, म्हणजे होमस्टे नाही, म्हणजे सरपंचाला रस नाही. उघड बोलायला हवं हे.

अवांतर: समुद्रकासवांत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, म्हणून तापमान वाढलं की तिकडे मोठी काळजी. मऊ पाठीच्या कासवांच्या कुळात ते गुणसूत्रांवर ठरतं, माणसासारखं. म्हणजे त्या एका बाबतीत यांचं बरं आहे. बाकी सगळ्यांत वाईट.

नवी पनवेल

मी शहरातली, म्हणून शहरातला प्रश्न. मुलासाठी दुकानातून छोटी हिरवी कासवं आणली होती, कानाजवळ लाल पट्टा. आता ती हाताएवढी झालीत, टाकीत मावत नाहीत. मे महिन्यात गावी जाताना देवळाच्या तळीत सोडावीत असं घरात चाललंय. चालेल ना?

वैद्यबुवांची नात

कृपा करून नको. ती अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली कासवं, रेड-इअर्ड स्लायडर. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहेत. तळीत सोडलीत तर तिथल्या फ्लॅपशेलचं आणि काळ्या कासवाचं खाणं, ऊन खायची जागा, सगळं बळकावतील, आणि रोगही देतील. मोठी टाकी करा नाहीतर ती ठेवून घेणारी एखादी संस्था शोधा. आणि पुढच्या वेळी मुलाला मासा आणा.

सातबारा

पावसाळ्याचं पण सांगा कोणीतरी. मृगाच्या पहिल्या सरींना हायवेवर हमखास एखादं चिरडलेलं असतं. चौपदरी झाल्यापासून जास्तच. मध्ये दुभाजक, त्याला फटही नाही. अर्ध्यावर येतं आणि दुभाजकाला धडकून परत फिरतं.

वाशिष्ठीकाठ

थांबता येत असेल तर थांबायचं आणि ते ज्या दिशेला तोंड करून होतं त्याच बाजूला, रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवायचं. उलट ठेवलं तर ते परत निघतं. 'चांगल्या' तळ्यात नेऊन सोडायचं नाही. त्याला त्याचा इलाका पाठ असतो, आपल्याला नाही.

जखमी असेल, कोणी विकत असेल, किंवा विहिरीतून काढायचं असेल तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. फोन लागला नाही तर जवळच्या वनपालाला गाठा. आणि फोटो काढताना उलटं करू नका. वरून एक, बाजूने डोक्याचा एक, आणि मागच्या पायांचा एक, एवढ्यावर कासव ओळखता येतं. डोळ्यांच्या मधून काळी रेघ आणि मागे झडप नाही असं काही कोकणात कोणाला दिसलं, तर फोटो या धाग्यावर टाका, पण ठिकाण टाकू नका. तालुका पुरे. दलालही हे धागे वाचतात.

सडेतोड

ठिकाण न टाकण्याचं सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. संपादकांनी ते वर ठळक करावं.

तिरफळ

आता माझां काय ता सांगा. बावीतलां कासव काढूचां झाला तर काढूचां कसां आणि सोडूचां खंय? मे म्हयन्यात बाव उपसूची आसा.

वैद्यबुवांची नात

आधी वनखात्याला कळवा, स्वतः काढून स्वतः सोडू नका. मेमध्ये उपसणार असाल तर पाणी गुडघ्याएवढं आलं की कासव गाळात जाईल, फावडं मारायच्या आधी हाताने चाचपा. वर आणलं की सावलीत, ओल्या गोणपाटात. ते किती वर्षं आत आहे, जखम आहे का, हे बघून सोडायचं की काही दिवस उपचार करायचे ते ठरेल. सोडायचं तर त्याच गावातल्या, बारमाही पाणी आणि मातीचा काठ असलेल्या ठिकाणी, आणि पाऊस लागल्यावर. भर मेमध्ये आटलेल्या व्हाळात नको. आणि बाव उपसतानाच पाण्याच्या पातळीला लाकडाचा एक ओंडका दोरीने बांधून ठेवा. पुढच्या वेळी बेडूक, साप, कासव जे पडेल त्याला टेकायला होईल.

तिरफळ

ओंडको बांधतंय. वनखात्याक फोनय करतंय. पण आजयेक कोण सांगतलो? तिका वाटता ह्या कासव गेला की बाव आटतली.

कासरगोडची सून

आजीलाच विचारा की तिने ते कुठून आणलं होतं. तिथेच सोडा.

तिरफळ

इचारलंय. म्हणता, मळ्यातल्या कोंडीतून. कोंडी आजून आसा, पाणी पण आसा. बगतंय.